ब्रेक दाबला की स्टिअरिंग का थरथरतं?

आळंदीहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतो आहोत. आज विषय गाडीचा आहे. "गाडीचं गॅरेजवाला बघेल, आपल्याला काय करायचंय," असं म्हणून रेडिओ बंद करू नका. आमच्या गटांचे पैसे यात अडकले होते, आणि गाडीत बसणाऱ्या बायकांचा जीवही.

आळंदी, केळगाव आणि मरकळच्या आमच्या गटांनी मिळून एक जुनी सात सीटची व्हॅन घेतली. सकाळी चाकणला डबे पोचवायचे आणि रात्री दुसऱ्या पाळीवरून सुटणाऱ्या बायकांना घरी आणायचं, हे तिचं काम. गाडी आमच्यातलीच एक ताई चालवते. लायसन्स तिने रीतसर काढलंय. चाकणच्या रस्त्याला गर्दी आणि खड्डे, त्यामुळे गाडी चाळिसाच्या पुढे क्वचितच जाते. तिथे कधी काही जाणवलं नाही.

मग मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलात भरणाऱ्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात आम्हाला जागा मिळाली. पापड, चटण्या, कुरडया भरून आम्ही निघालो. एक्सप्रेसवेला गाडी ऐंशीवर होती. पुढे ट्रक दिसला म्हणून ताईने ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग तिच्या हातात थरथरायला लागलं. वेग कमी झाला तशी थरथर थांबली. बोरघाट उतरेपर्यंत कुणी बोललं नाही. पुढे ताई हळूच म्हणाली, "टाके नीट न घातलेलं जातं ओढावं, तसं लागत होतं बघा."

परत आल्यावर पहिल्या गॅरेजने चाकांचं बॅलन्सिंग केलं. फरक पडला नाही. दुसऱ्याने अलाइनमेंट केली. तरी तेच. तिसऱ्याने गाडी गल्लीतून फिरवून आणली आणि विचारलं, "ताई, गाडी कोण चालवतं?"

"मीच चालवते."

"मग हायवेला भीती वाटत असेल. गाडीत काही नाही."

तीन गॅरेजात मिळून आमचे १,८०० रुपये गेले. पण पैशापेक्षा त्या "भीती"चा राग जास्त आला. गल्लीत वीसच्या वेगाने फिरवून ऐंशीला होणारी थरथर कशी कळणार? तरी महिन्याच्या बैठकीत विषय निघालाच, की पुरुष ड्रायव्हर ठेवावा का. ताई खाली मान घालून बसली होती.

आमच्यातली एक जण चाकणच्या कंपनीत तपासणी विभागात आहे. गोल फिरणारे भाग मोजायचे हे तिचं रोजचं काम. तिने ताईला नीट विचारायला सुरुवात केली. थरथर कधी होते, ब्रेक न दाबताही होते का? नाही, फक्त दाबल्यावर. किती वेगाला? सत्तरच्या पुढे. हाताला लागते की सीटला? हाताला. ब्रेकच्या पायालाही थोडी लागते. गाडी एका बाजूला ओढते का? नाही. आम्ही सगळं रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहून काढलं. त्या पानावरच अर्धं निदान होतं.

ते कसं, ते सांगतो. ब्रेकला पाय न लावता ठरावीक वेगाला स्टिअरिंग हलत असेल, तर आधी बॅलन्सिंग आणि टायर बघावेत. फक्त ब्रेक दाबल्यावरच हलत असेल, तर संशय ब्रेकवर. स्टिअरिंग हललं तर बहुतेक पुढची चाकं, कारण स्टिअरिंग त्यांनाच जोडलेलं असतं. हात शांत आणि सीट किंवा पाठ हलली तर मागचे ड्रम किंवा डिस्क. एबीएस असलेल्या गाडीत ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की पायाखाली टकटक होते, तो बिघाड नाही, ती यंत्रणा आपलं काम करत असते.

पुढच्या चाकात बिडाची एक चकती फिरते, तिला डिस्क म्हणतात. ब्रेक दाबला की दोन बाजूंनी पॅड तिला चिमटीत धरतात. चकतीची जाडी सगळीकडे सारखी नसेल, तर जाड जागा आली की पकड घट्ट आणि पातळ आली की सैल. आता हिशेब करा. ऐंशीच्या वेगाला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. छोट्या गाडीच्या चाकाचा एक फेरा साधारण पावणेदोन मीटरचा. म्हणजे सेकंदाला बारा-तेरा फेरे, आणि फेऱ्याला एक म्हटला तरी तितकेच हिसके. चाळिसाला ते निम्मे होतात आणि हाताला फारसे कळत नाहीत. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेकला गिळावी लागणारी ऊर्जा चौपट होते. म्हणून चाकणच्या रस्त्यावर गाडी गुणी आणि एक्सप्रेसवेला द्वाड.

फरक किती लागतो? मिलिमीटरचे दोन-तीन शतांश पुरतात. केसाच्या जाडीपेक्षाही कमी. डोळ्याला दिसत नाही, मोजावंच लागतं. कंपनीतलं गेज काही घरी आणता येत नाही, म्हणून भोसरीत डायल गेज ठेवणारा एक मिस्त्री शोधला. त्याने आमचं पान वाचलं आणि म्हणाला, "एवढं लिहून कुणी आणत नाही हो." डावी डिस्क आठ ठिकाणी मोजली. जाडीत ०.०३ मिलिमीटरचा फरक निघाला. फिरताना ती डुलतही होती, ०.१२ मिलिमीटर. साधारण ०.०५ च्या आत असावं, असं तो म्हणाला.

"डिस्क वाकली" असं सगळे म्हणतात. पण बऱ्याचदा ती वाकलेली नसते. चाक बसवताना हबवर गंज किंवा माती राहिली, किंवा नट कमीजास्त आवळले, की चकती किंचित तिरकी बसते. मग ब्रेक न लावताही प्रत्येक फेऱ्यात तिची एकच जागा पॅडला घासते, आणि काही हजार किलोमीटरनंतर तिथे पातळ होते. म्हणून चूक आज होते आणि थरथर काही महिन्यांनी येते. आम्हाला लगेच आठवलं. पंक्चर काढल्यावर पोऱ्या पान्यावर उभा राहून नट आवळायचा, आणि आम्हाला वाटायचं, किती घट्ट बसवतोय!

दुसरी चूक सरळ आमचीच. दिवे घाट उतरून जेजुरीहून आलो, की गाडी देवासारखी धुवायची म्हणून तापलेल्या चाकांवर पाइपने गार पाणी. अशा वेळी चकती एकसारखी निवत नाही. घाट उतरून रांगेत थांबल्यावर ब्रेक दाबून धरणंही वाईट, तापलेल्या पॅडचा थर त्या एका जागी चिकटतो. सपाट जागा असेल तर हँडब्रेक लावून पाय काढावा. आणि घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला उतरावं, सगळा भार ब्रेकवर टाकू नये.

डिस्कच्या कडेवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो. जाडी शिल्लक असेल तर लेथवर टर्निंग करून भागतं. आमची त्या आकड्याला टेकली होती, म्हणून दोन्ही बाजूंच्या डिस्क आणि पॅड नवे घेतले. एकाच बाजूचे बदलू नका, गाडी ओढायला लागते. लोअर आर्मचं बुशही फाटलेलं निघालं. झिजलेलं बुश बारीक थरथर मोठी करून हातापर्यंत पोचवतं. मिस्त्रीने हब घासून पुसला आणि नट समोरासमोरचे, टॉर्क पान्याने आवळले. मग ताईला म्हणाला, रिकाम्या रस्त्यावर साठवरून वीसपर्यंत मध्यम ब्रेक मारत या, आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता, मध्ये निवू देत.

एक गोष्ट मात्र उशीर न लावता करायची. चाक नुकतंच काढून बसवलं असेल आणि लगेच थरथर सुरू झाली, तर गाडी बाजूला घ्या आणि आधी नट तपासा. सैल नटाने चाक निखळतं. एरवी वेगात थरथर आली तर जोरात ब्रेक मारू नका, अंतर वाढवा, गिअर उतरवा आणि वेग हळूहळू कमी करा.

पुढच्या वर्षी सरसला ताईच गाडी घेऊन गेली. ऐंशीवरून ब्रेक दाबला, तेव्हा मागे बसलेल्या आम्ही सगळ्या तिच्या हातांकडे बघत होतो. तिने एक हात सोडून आरशातून आमच्याकडे पाहिलं, तेव्हा आम्हीच ओरडलो, "अगं, दोन्ही हातांनी धर!"

रजिस्टरचं ते पान आता गाडीच्या कप्प्यात असतं. पंक्चरच्या दुकानात ताई स्वतः उतरते आणि पोऱ्याला म्हणते, "बाळा, पान्यावरून खाली उतर."