भुतांच्या पुस्तकांना वाली कोण?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या दिवशी आरोग्य, पाककला किंवा संतवाङ्मय यांवर बोलावे, अशी आपल्या मंडळाची रीत आहे. मी भुताखेतांच्या पुस्तकांवर बोलणार हे कळल्यावर कार्यवाहबाईंनी मला दोनदा विचारून खात्री करून घेतली. विषय मी हट्टाने निवडला आहे. त्याला कारण माझ्या हातून झालेली एक चूक.

गेल्या वर्षी आपल्या वाचनालयातील पुस्तकांची मोजदाद झाली. कपाटे अपुरी पडतात, तेव्हा काही पुस्तके काढून टाकावी असे ठरले. चरित्रांना आणि मोठमोठ्या कादंबऱ्यांना हात लावण्यास कोणी धजेना. भयकथांचा खण मात्र पाच मिनिटांत रिकामा झाला. शिवण उसवलेली, पुठ्ठे सुटलेले, कोपरे दुमडलेले. ठेवायचे तरी कशासाठी? यादीवर मी सही केली आणि रद्दीवाला पोते घेऊन गेला. पुढे पंधरा दिवसांनी आपल्या एक वयोवृद्ध सभासद काठी टेकीत आल्या, त्या खणापाशी थांबल्या आणि मला म्हणाल्या, "अगं, माझी भुतं कुठं गेली?"

मला उत्तर देता येईना. घरी गेल्यावर मनात आले, ती पुस्तके फाटली होती ती कशाने? वाळवीने नव्हे, वाचून वाचून. ज्या पुस्तकांना सर्वांत जास्त हात लागले, तीच आम्ही सर्वांत आधी रद्दीत घातली. मग मी ती पुन्हा मिळवण्याच्या खटपटीला लागले. काही नव्याने छापलेली मिळाली, काही अजून मिळालेली नाहीत. या शोधात जे वाचनात आले ते आज आपल्यापुढे ठेवते.

हे नशीब केवळ आपल्याकडच्या पुस्तकांचे नाही. जेन ऑस्टेनची 'नॉर्दँगर अ‍ॅबी' ही कादंबरी 1817 च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. तीत एक मैत्रीण दुसरीला सात भयंकर कादंबऱ्यांची नावे सांगते. पुढे कित्येक वर्षे वाचकांची समजूत अशी होती की, ही नावे लेखिकेने थट्टेखातर रचली असावीत. विसाव्या शतकात जुन्या पुस्तकांच्या शोधकांनी धुंडाळून काढले, तेव्हा सातही खरी निघाली! त्यांपैकी चार बायकांनी लिहिलेली होती. दोन एलायझा पार्सन्सची, एक रेजिना मारिया रोशचे आणि एक एलिनॉर स्लीथचे. यांतील पार्सन्सबाई विधवा होत्या, पदरी मुले होती, आणि लेखणीवर त्यांनी संसार ओढला. सातांपैकी सहा पुस्तके लंडनच्या मिनर्व्हा प्रेसने काढली होती. या छापखान्याच्या मालकाचे वर्गणीचे वाचनालयही होते. म्हणजे आपल्यासारख्याच वाचनालयांतून ही पुस्तके घरोघर गेली, हाताळून झिजली आणि दिसेनाशी झाली. 1968 साली लंडनच्या फोलिओ प्रेसने सातही पुस्तके एकत्र पुन्हा काढली. त्यांचे संपादक कोण होते ठाऊक आहे? आपल्या बिहारमध्ये जन्मलेले आणि कॅनडात इंग्रजी शिकवणारे प्राध्यापक देवेंद्र वर्मा. इंग्रज बायकांची विसरलेली भुते जगापुढे पुन्हा उभी करण्यास एक भारतीय माणूस झटला, याचे मला मोठे कौतुक वाटले.

दुसरी हकीकत अमेरिकेची. तेथे एच. पी. लव्हक्राफ्ट नावाचा लेखक होऊन गेला. त्याच्या भयकथा स्वस्त मासिकांतून छापून येत. हयातीत त्याचे पुस्तक म्हणावे असे एकच निघाले, 1936 साली. त्याच्या सुमारे 200 प्रती बांधल्या गेल्या आणि छपाईच्या चुका इतक्या की सोबत शुद्धिपत्र जोडावे लागले. पुढच्याच वर्षी, वयाच्या 46 व्या वर्षी तो वारला. ऑगस्ट डर्लेथ आणि डोनाल्ड वांड्री या त्याच्या दोन तरुण पत्रमित्रांनी कथांचा संग्रह मोठ्या प्रकाशकांना दाखवला. कोणी घेईना. तेव्हा 1939 मध्ये त्यांनी 'आर्कम हाऊस' ही स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. घर बांधण्यासाठी घेतलेल्या कर्जातला पैसा डर्लेथने छपाईत घातला. डर्लेथची आणि लव्हक्राफ्टची तर प्रत्यक्ष भेटही कधी झालेली नव्हती, ओळख केवळ पत्रांची. प्रती छापल्या 1268. आगाऊ मागणी आली जेमतेम दीडशेची. सर्व प्रती खपायला काही वर्षे गेली. पण संस्था टिकली, आणि रे ब्रॅडबरी व 'सायको'कार रॉबर्ट ब्लॉक यांची पहिली पुस्तके तिनेच काढली. लव्हक्राफ्टची परवंशीयांविषयीची मते अत्यंत हीन होती, तीही आज लपवली जात नाहीत. पुस्तक जपणे म्हणजे लेखकाची आरती ओवाळणे नव्हे.

त्या दीडशे माणसांचा मी वारंवार विचार करते. पुस्तक अजून छापून झालेले नाही, लेखक हयात नाही, प्रकाशकाचे नाव कोणी ऐकलेले नाही. तरी त्यांनी आधी पैसे पाठवले. आजही परदेशात भयकथांचे छोटे प्रकाशक अशाच वाचकांच्या बळावर उभे आहेत. अमेरिकेतील व्हॅलनकोर्ट बुक्स ही संस्था 2005 मध्ये दोघांनी सुरू केली आणि विसरलेली शेकडो पुस्तके परत आणली. जुन्या भयकादंबऱ्यांवर ग्रेडी हेंड्रिक्सने 2017 मध्ये एक पुस्तक लिहिले. ते वाचून लोक त्या कादंबऱ्या मागू लागले, तेव्हा त्यांतील निवडक कादंबऱ्या याच संस्थेने 2019 पासून पुन्हा छापल्या. आधी वाचकाने नाव घेतले, मग पुस्तक छापले गेले.

आता आपल्या घरात येऊ. नारायण धारप (1925–2008) यांनी शंभरावर पुस्तके लिहिली. रत्नाकर मतकरी 2020 मध्ये गेले. त्यांच्या गूढकथा आपल्यापैकी कित्येकींनी दिवा न मालवता वाचल्या असतील. पण चारचौघींत "आवडते लेखक कोण?" असे विचारले की आपण दुसरीच नावे सांगतो. धारप आपण वाचायचे आणि नाव दुसऱ्याचे घ्यायचे! दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितले आहे की, 1993 साली नागझिरा अभयारण्यात एका मित्राने त्यांना धारपांची एक गोष्ट ऐकवली आणि ती मनात घर करून बसली. तीतून पुढे 2018 चा 'तुंबाड' हा चित्रपट उभा राहिला. तो प्रथम लागला तेव्हा गर्दी बेताचीच होती. ज्यांनी पाहिला ते इतरांना सांगत राहिले, आणि 2024 मध्ये तो पुन्हा लागला तेव्हा पहिल्यापेक्षा अधिक गल्ला जमला. धारपांची पुस्तकेही अलीकडे साकेत प्रकाशनाने पुन्हा छापली आहेत. हे सारे कोणाच्या तरी तोंडून निघालेल्या एका गोष्टीपासून सुरू झाले.

एक शंका मला आधीच विचारण्यात आली आहे. अशा पुस्तकांनी अंधश्रद्धा वाढत नाही का? शंका रास्त आहे. जादूटोणाविरोधी कायदा 2013 मध्ये आपल्याच राज्यात झाला, आणि तो आपल्या मंडळाने आनंदाने स्वीकारला. पण मला फरक दिसतो. बुवा आपली गोष्ट खरी म्हणून सांगतो आणि आपल्या अंगावरचा दागिना नेतो. लेखक आधीच सांगतो की ही गोष्ट आहे, घाबरायचे असेल तर या. पुस्तक मिटले की आपण उठून गॅस बंद आहे की नाही ते पाहतो, हसतो आणि झोपतो. शिवाय चांगल्या भयकथेत भूत नावापुरतेच असते. आत असतो तो माणसाचा लोभ, एखाद्या सुनेचा छळ, नाहीतर बंद खोलीतले घराण्याचे पाप. हे विषय बायकांना परके नाहीत.

तेव्हा माझे मागणे लहानसे आहे. भयकथांचा खण पुन्हा भरावा. लहान प्रकाशकाचे पुस्तक शक्यतो त्याच्याकडूनच विकत घ्यावे. पुस्तक निघण्याआधी त्याने नोंदणी मागितली, तर वर्षातून एकदा तरी नाव नोंदवावे. फुकटात फोनवर फिरणारी चोरटी प्रत पुढे पाठवू नये. आपल्या लेखी ती मैत्रिणीची सोय असते, लेखकाची मात्र ती कमाई असते. पुस्तक आवडले तर दोन ओळी लिहून प्रकाशकाला कळवावे. फाटलेले पुस्तक टाकण्यापूर्वी बांधणाऱ्याकडे न्यावे. आणि जे वाचतो त्याचे नाव मोठ्याने घ्यावे.

मी सुरुवात केली आहे. नव्याने मिळालेली पुस्तके स्वखर्चाने आणून खणात लावली आहेत. त्यांतील पहिले पुस्तक त्याच सभासदबाई घेऊन गेल्या. परत करताना म्हणाल्या, "रात्रभर झोप नाही गं. दुसरं दे." जी अजून मिळाली नाहीत त्यांची यादी मी दाराशेजारी लावली आहे. घरी जाऊन आपापले माळे तपासावेत, एवढी विनंती करते आणि आपली रजा घेते.