यकृताचं श्रेय यकृताला

मंडणगडापासून राजापूरपर्यंतच्या डॉक्टर मित्रमैत्रिणींनो,

पावसाळ्यात आपल्या ओपीडीत काविळीचा रुग्ण येतो, तेव्हा त्याच्या गळ्यात बरेचदा माळ असते. घेटुळीच्या काड्यांचे तुकडे दोऱ्याच्या गाठींत अडकवलेले. काड्या वाळून आकसतात, गाठी सैल पडतात आणि माळ गळ्यावरून छातीवर, छातीवरून पोटावर येते. माळ उतरली, कावीळ उतरली! हिपॅटायटिस ए आणि ई या काविळी बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपसूक ओसरतात. राबतं यकृत आणि दक्षिणा मिळते माळवाल्याला. लिव्हर टॉनिक लिहून आपणही तीच दक्षिणा घेतो, हे आपलीच सभा आहे म्हणून बोलतो.

मग यकृत सावरतं कसं? 1931 साली हिगिन्स आणि अँडरसन यांनी प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या यकृताचा दोन तृतीयांश भाग काढून टाकला. आठ-दहा दिवसांत वजन जवळपास भरून निघालं. काढलेला खंड पुन्हा उगवत नाही, उरलेले खंडच वाढतात. एरवी क्वचितच विभागणाऱ्या पेशींना आता विभागायचं आहे, हे सांगतं कोण? अनेक जण सांगतात. पण अगदी पहिल्या मिनिटांतला एक निरोप्या आपल्या ओळखीचा आहे: एटीपी.

लोमान यांनी 1929 मध्ये शोधलेला हा रेणू आपण पहिल्या वर्षाला ‘पेशीचं इंधन’ म्हणून पाठ केला आणि विसरलो. 1972 साली बर्नस्टॉक म्हणाले की, हा रेणू पेशीबाहेर पडून शेजारच्या पेशीला निरोपही देतो. पुढची कित्येक वर्षं त्यांचं म्हणणं कुणी मनावर घेतलं नाही.

पोफळीच्या बागेत शिंपण चालू असताना दोन पाट बुजवले, तर सगळं पाणी तिसऱ्यात घुसतं आणि बांध थरथरतो. यकृताचा मोठा भाग काढल्यावर आतड्यांकडून येणारं सगळं रक्त उरलेल्या तुकड्यात असंच घुसतं. त्या ताणाने पेशी एटीपी बाहेर सोडतात. पेशीच्या आत त्याचं प्रमाण बाहेरच्यापेक्षा हजारो पटींनी जास्त असल्याने थोडं सांडलं तरी पुरतं. शेजारच्या पेशीवरच्या पीटूवायटू ग्राहीला ते चिकटतं, आत कॅल्शियम उसळतं आणि विभाजनाची तयारी सुरू होते. निरोप पोचला की पृष्ठभागावरची विकरं एटीपी लगेच मोडून टाकतात. फ्रेंच संशोधकांनी 2010 मध्ये हा एटीपीचा क्षणिक लोट उंदरांतच नव्हे, तर यकृताचा भाग दान करणाऱ्या माणसांतही दाखवला. उंदरांत तो निरोप अडवला, तेव्हा यकृताची वाढ रेंगाळली.

याचा अर्थ उद्या एटीपीची गोळी निघेल, असा कुणी घेऊ नये. कंपन्या घेतीलच. पुरावा अजून मुख्यतः उंदरांतला आहे, आणि सिरोसिसने वण पडलेल्या यकृताला नुसता निरोप देऊन भागत नाही.

निरोगी यकृताच्या याच वाढीच्या भरवशावर आपल्या देशात 1998 साली दिल्लीत एका वीस महिन्यांच्या मुलाला वडिलांच्या यकृताचा तुकडा बसवला. तो मुलगा पुढे डॉक्टर झाला. आज मुंबई-पुण्यात अशी प्रत्यारोपणं नित्याची झाली आहेत. दाता बरेचदा घरातली बाईच असते. मात्र यकृतात चरबी जास्त असली, तर इच्छा असूनही तिला नाकारतात. चरबीने सुजलेल्या यकृताचा एटीपीचा साठा एकदा खर्ची पडला की भरून यायला वेळ लागतो, हे अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून सोनोग्राफीच्या अहवालातली ‘फॅटी लिव्हर’ ही ओळ ‘सगळ्यांनाच असतं’ म्हणून सोडून देऊ नका.

माळेशी माझं भांडण नाही. ती छातीवर रुळताना जे दिवस जातात, त्यांच्याशी आहे. काविळीचा रुग्ण असंबद्ध बोलू लागला, दिवसा झोपून रात्री जागू लागला किंवा त्याचा आयएनआर दीडच्या वर गेला, तर उद्याची वाट पाहू नका. गर्भवती असेल, तर याहूनही आधी हला. शेवटच्या तिमाहीत हिपॅटायटिस ई जीवघेणा ठरू शकतो. मुंबई-गोवा महामार्गाची अवस्था तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा रेफरलची चिठ्ठी लगेच लिहा आणि गाडी निघण्याआधी प्रत्यारोपण केंद्राला स्वतः फोन करा.