आपल्या घरची मुकी चित्रे
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने मला बोलावयास सांगताना विषयाची मोकळीक दिली, याबद्दल मी मंडळाचा आभारी आहे. या व्यासपीठावरून विद्वानांची व्याख्याने होत आली आहेत. मी विद्वान नव्हे. किल्लीच्या जुन्या कॅमेऱ्यांचा व त्यांवर घेतलेल्या घरगुती चित्रफितींचा मला छंद आहे, एवढाच काय तो माझा अधिकार. परंतु हा विषय आपल्यापैकी पुष्कळांच्या माळ्यावर पत्र्याच्या डबीत पडलेला आहे, आणि तो तेथे फार दिवस टिकेल अशी चिन्हे नाहीत. म्हणून आपला थोडा वेळ घेतो.

चलच्चित्राची कला आपल्याकडे घराच्या आश्रयानेच वाढली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला आणि ‘राजा हरिश्चंद्र’ हाती घेण्यापूर्वी वाटाण्याच्या एका रोपाची वाढ एकेक चित्र घेऊन टिपली. ती पाहूनच भांडवल देणाऱ्यास धीर आला. फितीला कडेची छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतच्या कामांत सरस्वतीबाई त्यांच्या जोडीस होत्या. परंतु ३५ मिलिमीटर रुंदीची ती फीत सामान्य गृहस्थास परवडणारी नव्हती, आणि नायट्रेटची असल्याने ती भडकन पेट घेई. पुढे फ्रान्समध्ये १९२२ साली पाथे कंपनीने साडेनऊ मिलिमीटरची आणि अमेरिकेत १९२३ साली कोडॅकने १६ मिलिमीटरची फीत काढली. या दोन्ही ॲसिटेटच्या, म्हणजे न भडकणाऱ्या होत्या. १९३२ साली कोडॅकने ८ मिलिमीटरची फीत आणली, आणि मध्यम स्थितीतील कुटुंबांस हा छंद आवाक्यात आला.

या ८ मिलिमीटरच्या फितीची युक्ती ऐकण्यासारखी आहे. कॅमेऱ्यात घालावयाचे रीळ वस्तुतः १६ मिलिमीटर रुंद व २५ फूट लांब असे. कॅमेरा त्याच्या अर्ध्या रुंदीवरच चित्रे घेई. २५ फूट संपले की सावलीत जाऊन झाकण उघडावयाचे, रीळ उलटे बसवावयाचे, आणि उरलेल्या अर्ध्या भागावर पुन्हा चित्रण करावयाचे. धुलाईनंतर फीत उभी चिरून दोन्ही तुकडे एकमेकांस जोडीत व ५० फुटांचे रीळ घरी परत येई. सेकंदास १६ चित्रे या हिशेबाने ते जेमतेम चार मिनिटे चाले. आपल्या घरच्या रिळात ऐन मध्यावर नारिंगी-पांढरा उजेड भडकतो व चित्र नाहीसे होते, तेव्हा फीत बिघडली असे समजू नये. रीळ उलटताना कडेला लागलेले ते त्या दिवशीचे ऊन आहे.

कॅमेऱ्यास विजेची गरज नसे. बाजूची किल्ली घड्याळाप्रमाणे पिळली की आतील स्प्रिंग ताणली जाई, आणि बटण दाबताच कुरकुर आवाज करीत फीत सुमारे अर्धा मिनिट धावे. फीत परदेशची, महाग व दुर्मिळ. म्हणून हौशी गृहस्थ एकेक दृश्य सात-आठ सेकंदांत आटोपीत. हल्ली मुले मोबाइलवर एका वाढदिवसात तास-दीड तास टिपतात. त्यास माझी हरकत नाही, पण ते पुन्हा कोणी पाहत असेल याविषयी मला शंका आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी उभा आहे तिकडे वळतो. गेल्या काही वर्षांत ज्ञातीतील बऱ्याच घरांची रिळे मी पाहिली. त्यांत गच्ची आहे, अंगण आहे, राणीची बाग आहे, चौपाटी आहे, मुंजीनंतरची अंगणातील पंगत आहे. स्वयंपाकघर मात्र जवळजवळ कोठेच नाही. याचे कारण प्रथम तांत्रिक आहे. त्या काळची रंगीत कोडाक्रोम फीत अतिशय मंद होती. आरंभी तिची संवेदनशीलता अवघी १० होती. १९६१ साली कोडाक्रोम २ आली तेव्हा ती २५ झाली. एवढ्या मंद फितीस लख्ख ऊन हवे. वाड्यांतील व चाळींतील स्वयंपाकघरे कशी अंधारी असत, हे ज्येष्ठ भगिनींस मी सांगावयास नको. परिणाम असा की, ज्यांचे आयुष्य चुलीपुढे गेले त्या घरच्या फितीत उतरल्याच नाहीत. जी आत्या अकाली वैधव्य आल्यामुळे मंगलकार्यात मागच्या दारीच राही, तिला टिपण्यास उजेड कमी पडला असे मात्र म्हणता येत नाही. ऊन अंगणात भरपूर होते. तिला अंगणात बोलाविले गेले नाही. कॅमेरा धरणारे काका अथवा आजोबा तर कोणत्याच चित्रात नाहीत. फार तर एखाद्या भिंतीवर त्यांची सावली दिसते.

जे टिपले गेले त्याचीही एकच प्रत आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. छायाचित्राप्रमाणे या फितीस निगेटिव्ह नसे. कॅमेऱ्यातून गेलेली फीतच धुऊन पडद्यावर दाखवीत. अमेरिकेत २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस शहरी अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली, ती एब्राहम झाप्रुडर नावाच्या कपड्यांच्या व्यावसायिकाने अशाच किल्लीच्या ८ मिलिमीटर कॅमेऱ्याने टिपली. अवघी २६ सेकंदांची ती दृश्ये पुढे चौकशी समित्यांनी एकेक चित्र करून तपासली. त्याच रिळाच्या दुसऱ्या अर्ध्यावर त्यांची घरगुती दृश्ये होती. आपल्या रिळांत इतिहासातील असा प्रसंग नसेल; पण पाडलेला वाडा, बंद झालेली ट्राम, दुसरीकडे कोठेही चित्र न उरलेली पणजी, ही आहेत.

या एकुलत्या एका प्रतीस रोग जडला आहे. ॲसिटेटची फीत उष्ण व दमट हवेत कुजते, आंबते, आणि तिला व्हिनेगरचा वास येतो. कोडॅकने १९४८ साली ट्रायॲसिटेट फीत आणल्यावर दहा वर्षांच्या आतच या रोगाची पहिली तक्रार कंपनीकडे गेली, ती भारत सरकारकडून! आपल्या हवेचा हा मान. सुटणाऱ्या आम्लाने कुजणे अधिकच वाढते, आणि एका डबीचा रोग शेजारच्या डबीस लागतो. म्हणून वास येणारे रीळ वेगळे काढावे, पत्र्याच्या बंद डबीत कोंडू नये, कोरड्या व थंड जागी ठेवावे. डांबरगोळ्यांनी कसर जाते, हा रोग जात नाही. कोडाक्रोमचे रंग अंधारात चांगले टिकतात, हीच त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

नक्कल करून घ्यावी हे उघड आहे. पण ती डोळसपणे. माझ्या मामांकडील रिळे एका दुकानात दिली होती. दुकानदाराने सेकंदास १६ चित्रांची फीत २५ च्या वेगाने उतरविली. आमची आजी जन्मात कधी धावली नसेल. त्या नकलेत ती तुळशीभोवती अशी पळते की मुले खो खो हसली. वर ‘आता मूळ रिळे कशाला हवीत’ असाही सल्ला मिळाला. मूळ रीळ टाकू नये. आजची नक्कल उद्याचे यंत्र वाचील याची हमी नाही; फीत मात्र खिडकीच्या उजेडात धरून भिंगाने केव्हाही पाहता येते. वेगाविषयी स्पष्ट सांगावे : जुन्या ८ मिलिमीटरास बहुधा १६, आणि १९६५ साली आलेल्या सुपर एटला १८.

परंतु नक्कल उत्तम झाली तरी चित्रे मुकीच राहतात. त्यांतील माणसांस नावे देणारी माणसे आज ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. फितीचा रोग लांबविता येतो, हे लांबविता येत नाही. म्हणून नक्कल होताच घरातील वडीलधाऱ्यांस समोर बसवावे, चित्र जागोजाग थांबवावे, आणि त्यांचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून वहीत उतरावे : रिळाचा क्रमांक, गाव, साल, डावीकडून उजवीकडे कोण कोण. नावे आपण सुचवू नयेत. त्या विषयांतर करतील, करू द्यावे. ‘हिच्या मागच्या खोलीत तुझी आत्या लाडू वळीत होती, ती नाही दिसत यात,’ असे एखादी आजी म्हणाली, तर तेही त्याच पानावर लिहावे. जी चित्रात आली नाही तिची नोंद होण्यास याहून दुसरी जागा मला दिसत नाही.

प्रोजेक्टर आज मी मुद्दाम आणलेला नाही. आकसलेली फीत त्याच्या दातेरी चाकावर फाटते. शेजारच्या खोलीत टेबलावर दिवा, भिंग आणि हाताने फिरवावयाची दोन चाके ठेवली आहेत. ज्यांनी डब्या बरोबर आणल्या असतील त्यांनी भोजनोत्तर तेथे यावे. वासाची शंका असेल त्यांनी मात्र झाकण भोजनगृहात उघडू नये, इतकी विनंती आहे.