मेंदूची शिदोरी



प्रौढाच्या वजनात मेंदूचा वाटा सुमारे २ टक्के. पण शरीराच्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा त्यालाच लागते. बालकांत हे प्रमाण याहूनही अधिक असते. ही ऊर्जा मुख्यतः रक्तातील साखर पुरविते. तीव्र कुपोषित बालकाच्या शरीरात तिचा साठा अल्प असतो. त्यामुळे उपास घडताच अंग गार पडते, ग्लानी येते. ही झोप नव्हे, धोक्याची सूचना होय. बालक गिळू शकत असल्यास साखरपाणी पाजून त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

दिवाळीनंतर शहापूर-मुरबाडमधील अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. ग्रामपंचायतींनी त्यांच्या बालकांची नावे तेथील अंगणवाडीस अगत्याने कळवावीत. भट्टीचा हंगाम पुन्हा येतो. मेंदूच्या वाढीचा येत नाही.