कास्तकार मेला तर साचा चालणार कशावर?
(रिद्धपूर येथे गिरणी कामगारांपुढे केलेले भाषण)



रिद्धपूरला उभं राहून बोलायचं म्हणजे आधी या मातीला नमस्कार केला पाहिजे. सातशे वर्षांपूर्वी श्रीगोविंदप्रभू याच गावाच्या गल्ल्यांतून हिंडले. चक्रधरस्वामींच्या लीळा म्हाइंभटांनी इथेच मराठीत लिहून काढल्या. ज्ञान पंडितांच्या पेटीत कुलूपबंद होतं, ते या गावानं लोकांच्या भाषेत आणलं. आज मला तेवढंच करायचं आहे. शेतीचं धोरण म्हणून जी गोष्ट दिल्लीला इंग्रजी कागदावर ठरते, ती तुमच्या-माझ्या बोलीत उलगडून दाखवायची आहे.

तुम्ही म्हणाल, आम्ही पाळीवर राबणारी माणसं, शेतीच्या धोरणाशी आमचा काय संबंध? संबंध हिशेबानंच दाखवतो.

एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये गेला की साधारण चौतीस किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. म्हणजे पाच क्विंटल कापसाची १७० किलोची एक गाठ झाली. वऱ्हाडच्या कोरडवाहू रानात एकरी चार-पाच क्विंटल पिकलं तरी कास्तकार देवाला नारळ फोडतो. तेव्हा ब्लो रूममध्ये तुम्ही जी एक गाठ फोडता, ती कुणाच्या तरी एका एकराची वर्षभराची कमाई असते, हे ध्यानात ठेवा. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. तो पुरा मिळाला असं धरलं तर त्या गाठीमागे कास्तकाराला ४०,५५० रुपये मिळाले. एका सदऱ्याला पाव किलो रुई धरा, छीज वजा करा, तरी गाठीतून पाचशेवर सदरे निघतात. म्हणजे सदऱ्यामागे कास्तकाराला फार तर ऐंशी रुपये. त्यातच बियाणं, खत, फवारणी, निंदण आणि वेचणी. तोच सदरा दुकानात काय भावानं लटकतो ते तुम्हाला ठाऊक आहे. मधला पैसा तुमच्या पगारात आला का? नाही आला! मग तुमचं आणि कास्तकाराचं भांडण कशाचं?

भांडण आहे असं मात्र तुम्हाला सांगितलं जातं. मालक म्हणतो, कापूस महाग झाला तर गिरणी बंद पडेल, तुझी भाकरी जाईल. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं आपल्या मालावर पन्नास टक्के जकात बसवली, कापडाचा धंदा अडचणीत आला, हे खरंच आहे. पण त्यावर उपाय काय निघाला? परदेशी कापसावरची अकरा टक्के आयात जकात १९ ऑगस्टपासून उठवली, आणि पुढे ती सवलत ३१ डिसेंबरपर्यंत लांबवली. आता सांगा, आपल्याकडे वेचणी कधी सुरू होते? दसरा-दिवाळीला! घरात कापूस यायला आणि बाहेरचा कापूस बिनजकाती उतरायला एकच मुहूर्त. आणि मी विचारतो, कापूस स्वस्त झाला त्या वर्षी कुणाचा पगार वाढला? हात वर करा!

हा खेळ जुना आहे. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या हाती आला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि साहेबाची नजर आपल्या काळ्या जमिनीवर पडली. मागोमाग रेल्वे आली. १८७० साली खामगावच्या बाजारापर्यंत खास फाटा टाकला, तो कापूस न्यायला. ज्वारीच्या रानात पऱ्हाटी उभी राहिली. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आले, तेव्हा जगाला कापूस देणाऱ्या या मुलखात माणसं अन्नावाचून मेली. शेतात काय पेरायचं हे दुसऱ्याची गिरणी ठरवू लागली की असं होतं.

स्वराज्य आलं तेव्हा देशातल्या कापसाच्या क्षेत्रात जवळजवळ सगळा देशी वाणांचाच कापूस होता. त्याचं मूळ खोल, पाण्याची ओढ सोसणारं. मावा-तुडतुड्यांना तो सहज दबत नसे, आणि बियाणं घरचं. पण त्याचा धागा आखूड, बोंड लहान, वेचणीला कष्ट फार. गिरण्यांची यंत्रं लांब धाग्यासाठी बांधलेली; त्यांनी लांब धागा मागितला, सरकारनं त्याला भाव दिला, आणि देशी वाण मागं पडला. मग संकरित बियाणं आलं, २००२ साली बीटी आलं. पहिली काही वर्षं बीटीनं हिरव्या बोंडअळीला खरोखर आवरलं, हे कबूल केलं पाहिजे. पण गुलाबी बोंडअळी त्याला सरावली आणि २०१७ साली तिनं शेतंच्या शेतं पोखरली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषानं वीसहून अधिक जीव गेले. बियाणं दरवर्षी विकत, औषध दर पंधरवड्याला विकत, आणि पाऊस मात्र देवाच्या हाती! पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशानं बीटी कापूस करून पाहिला आणि धागा आखूड येतो म्हणून २०१६ पासून तो सोडायला घेतला. त्यांना मागं फिरता येतं, तर आपल्याला निदान निवड का असू नये?

आता मातीचं ऐका. ज्वारी होती तेव्हा कडबा होता. कडबा होता म्हणून दारात बैलजोडी आणि गाय होती. गुरं होती म्हणून शेणखत होतं. रेशनच्या दुकानात गहू-तांदूळ आला, ज्वारीला विचारणारं कुणी राहिलं नाही. १९९० नंतर सोयाबीननं तिची जागा घेतली. कडबा गेला, गुरं गेली, शेणखत गेलं आणि युरियाचं पोतं आलं. पोतं उधारीवर, उधारी सावकाराची. मोर्शी-वरूडच्या पट्ट्यात संत्र्यासाठी विहिरी खोल खोल गेल्या आणि पाणी त्याहून खाली गेलं. २००६ साली पंतप्रधान विदर्भात आले, सहा जिल्ह्यांना ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. पॅकेज संपलं, आत्महत्या संपल्या नाहीत. कारण मदत एकदा आली, आणि तोट्याची रीत दरसाल चालूच राहिली.

सरकार म्हणतं, खर्चाच्या दीडपट भाव देतो. मध्यम धाग्याचा खर्च ५,१४० धरला, भाव ७,७१० दिला. गणित बरोबर आहे. पण त्या खर्चात कास्तकाराच्या स्वतःच्या जमिनीचा खंड नाही, त्याच्या स्वतःच्या भांडवलाचं व्याज नाही. मालक आपल्या गिरणीची किंमत ठरवताना इमारत आणि यंत्रं फुकट धरतो का? १९७२ साली महाराष्ट्रानं एकाधिकार कापूस खरेदी सुरू केली. गाठीच्या नफ्यातला वाटा पिकवणाऱ्याला मिळावा, हा हेतू चांगला होता. पण चुकारे रखडले, प्रतवारीत भांडणं झाली, तोटा वाढत गेला. २००२ च्या सुमारास खाजगी व्यापाऱ्याला दार उघडलं आणि योजना विझली. धडा असा, की ज्याचा कापूस त्याच्या हाती कारभार नसेल तर चांगली योजनाही कुजते.

मग करायचं काय? कापूस टाकून द्या असं मी म्हणत नाही. कापसात तुरीच्या ओळी, मधे मूग-उडीद, दोन-तीन वर्षांनी त्या रानात ज्वारी. उताराला आडवी पेरणी, म्हणजे पाणी रानातच मुरेल. पऱ्हाटी जाळायची नाही, बारीक करून खतात घालायची. फरदड घ्यायची नाही, म्हणजे गुलाबी अळीला पुढल्या साली घर मिळत नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं ए. के. ए. ७, ए. के. ए. ८ असे देशी वाण दिलेले आहेत. त्यांचं बी घरी राखता येतं. पण कास्तकार हे एकट्यानं करू शकत नाही. आखूड धागा घेणारी गिरणी नसेल तर देशी कापूस विकायचा कुणाला? ज्वारी रेशनवर जात नसेल तर ती पेरायची कशाला?

इथं तुमचं काम सुरू होतं. अकोल्याच्या सावतराम आणि मोहता गिरण्या, बडनेऱ्याची गिरणी, इथून जवळची अचलपूरची विदर्भ मिल! गाठी होत्या, कामगार होते, तरी भोंगे थांबले. अचलपूरला नव्यानं उभी केलेली फिनले मिल मार्च २०२० च्या टाळेबंदीत बंद पडली आणि कामगार वर्षानुवर्षं फाटकाबाहेर बसला. आता नांदगाव पेठला नवं वस्त्रोद्योग पार्क. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचं भूमिपूजन झालं. तिथं आपली पोरं कंत्राटावर लागणार आणि कापूस परदेशातून येणार, असं होऊ द्यायचं का?

म्हणून कामगारांनी आपल्या मागणीपत्रात चार कलमं कास्तकाराची घालावीत. वेचणीच्या हंगामात आयात जकात उठवू नये. हमीभावात संपूर्ण खर्च धरावा आणि चुकारा वेळेत द्यावा. ज्वारी आणि तूर सरकारनं रेशनसाठी खरेदी करावी, आणि वऱ्हाडच्या नव्या गिरण्यांत देशी कापूस कातणारं एक खातं असावं. चौथं कलम भाषेचं: बियाण्याच्या पिशवीवर, औषधाच्या डब्यावर, विम्याच्या कागदावर मोठ्या अक्षरांत मराठी पाहिजे. २०२४ साली मराठी भाषा विद्यापीठ याच रिद्धपुरात सुरू झालं. विषाच्या डब्यावरची सूचना मजुराला वाचता आली नाही, तर मराठी राज्य मिळवून आपण काय मिळवलं?

ते राज्य १ मे १९६० ला फुकट आलेलं नाही. गिरणगावच्या कामगारानं त्यासाठी छातीवर गोळ्या घेतल्या. मुंबईच्या हुतात्मा चौकात त्या लढ्याचं स्मारक आहे. तिथं दोन माणसं एकत्र मशाल धरून उभी आहेत, एक शेतकरी आणि एक कामगार. दगडात ते एकत्र आहेत. आता मागणीपत्रात आणि मोर्चात एकत्र आले पाहिजेत.

कामगार-कास्तकार एकजुटीचा विजय असो! जय महाराष्ट्र!