'अनब्रोकन' : पुस्तकातला माणूस आणि पडद्यावरचा माणूस

(वार्षिक संमेलनातील भाषण)



"सर, सिनेमा पाहिला, आता पुस्तक कशाला?" हा प्रश्न वर्गात नेहमी येतो. आज त्याचे उत्तर एकाच उदाहरणावरून देतो.

लुई झाम्परिनी हा अमेरिकेतील कॅलिफोर्नियात वाढलेला, इटालियन वंशाचा, पोरवयात चोऱ्या-मारामाऱ्या करणारा मुलगा. थोरल्या भावाने त्याला धावण्याच्या मार्गाला लावले. (घरातल्या थोरल्यांनी हे ध्यानात घ्यावे.) १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये तो पाच हजार मीटर धावला व आठवा आला. पुढे महायुद्धात तो विमानदळात गेला. २७ मे १९४३ रोजी त्याचे विमान प्रशांत महासागरात कोसळले. अकरांपैकी तिघे वाचले. रबरी तराफ्यावर पावसाचे पाणी पिऊन, हाती लागलेले पक्षी व मासे खाऊन त्यांनी दिवस काढले. तेहेतिसाव्या दिवशी एक सोबती गेला. सत्तेचाळिसाव्या दिवशी उरलेले दोघे जपान्यांच्या हाती सापडले. त्यानंतर दोन वर्षे छळछावण्या, आणि तेथे वातानाबे नावाचा क्रूर अधिकारी.

लॉरा हिलेनब्रँड या लेखिकेने हे चरित्र २०१० साली प्रसिद्ध केले. स्वतः दीर्घ आजाराने घरात अडकलेल्या या बाईंनी बहुतेक मुलाखती टेलिफोनवरून घेतल्या. त्यावर अँजेलिना जोली यांनी २०१४ साली चित्रपट काढला.

चित्रपट वाईट आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. अथांग पाणी, भोवती फिरणारे शार्क, फुटलेले ओठ, हे पडद्यावर जसे अंगावर येते तसे अक्षरांतून क्वचितच येते. पण युद्ध संपते, लुई घरी येतो, आईला मिठी मारतो, आणि पडदा पडतो! पुस्तकाचे भाग पाच. त्यांतला संपूर्ण पाचवा भाग या मिठीच्या नंतरचा आहे.

त्यात काय आहे? रोज रात्री स्वप्नात वातानाबे येतो. लुई दारूच्या आहारी जातो. एके रात्री स्वप्नात वैऱ्याचा गळा आवळताना त्याला जाग येते, तेव्हा हाताखाली गरोदर पत्नीचा गळा असतो. पत्नी घटस्फोटाचे ठरवते. सत्तेचाळीस दिवस समुद्राला पुरून उरलेला गडी स्वतःच्या घरात बुडू लागला होता! १९४९ साली पत्नीच्या आग्रहाने तो एका धर्मप्रवचनाला गेला. तराफ्यावर देवाला दिलेले वचन त्याला तेथे आठवले आणि त्याने दारू कायमची सोडली. पुढच्याच वर्षी टोकियोच्या सुगामो तुरुंगात जाऊन त्याने आपल्या जुन्या पहारेकऱ्यांना क्षमा केली.

चित्रपटात वचन दिलेले दिसते. ते पाळल्याचे मात्र शेवटी चार ओळींत वाचायला मिळते. माझी तक्रार एवढीच आहे. मार खाऊन न मोडणे कॅमेऱ्याला दाखवता येते, मनातला सूड सोडणे दाखवणे कठीण, हे मान्य. परंतु तेच वगळले तर मुलांच्या हाती फक्त मार सोसण्याचा पराक्रम उरतो. हा राहिलेला भाग घेऊन २०१८ साली दुसरा चित्रपट निघाला. म्हणजे उणीव इतरांनाही जाणवली होती.

पालकहो, मुलांना चित्रपट जरूर दाखवा. काही प्रसंग क्रूर आहेत, तेव्हा लहानांना नको. मोठ्यांसोबत तुम्हीही बसा. मग पुस्तकाचा पाचवा भाग त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. उपसंहारात १९९८ चा प्रसंग येईल. नागानो ऑलिंपिकची ज्योत घेऊन, ऐंशी वर्षांचा लुई आपल्या जुन्या छावणीच्या गावातून धावला. वातानाबे तेव्हा हयात होता. लुईने त्याच्यासाठी क्षमेचे पत्रही लिहून ठेवले होते. वातानाबेने भेट नाकारली.