रविवारी चर्चला चल म्हटलं तर

नाचाचे कपडे घालून ताटकळलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

भाषण आटोपतं घेतो. तुमच्यातले बरेच जण उद्या शिकायला, नोकरीला परदेशी जातील. यंत्रमागाच्या खडखडाटात गाढ झोपणारं भिवंडीचं पोर कुठेही तग धरतं. व्हिसा, तिकीट, सामान किती किलो, हे एजंट सांगेल. पण तिथल्या शेजाऱ्याने रविवारी चर्चला चल म्हटलं, तर काय करायचं?

हा प्रश्न नवा नाही. पंडिता रमाबाई १८७८ साली भावाबरोबर कलकत्त्यात होत्या. तिथे ख्रिस्ती मंडळींच्या एका मेळाव्याचं बोलावणं आलं. लोकांनी पुस्तकातून काही वाचलं, मग आपापल्या खुर्चीपुढे गुडघे टेकले, डोळे मिटून काहीबाही बोलू लागले. समोर मूर्ती नाही. रमाबाईंना वाटलं, हे खुर्च्यांनाच पुजतात की काय! काही ब्राह्मण साहेबांबरोबर फराळ करताना दिसले, तेव्हा कलियुग पुरतं आलं अशी त्यांची खात्री पटली. हे सारं त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे.

पाच वर्षांनी त्या इंग्लंडला, वाँटेजच्या ख्रिस्ती सिस्टरांकडे राहायला गेल्या. लंडनजवळ फुलमला या सिस्टरांचं एक घर होतं. समाजाने टाकलेल्या बायकांना तिथे माणसासारखं वागवत. रमाबाईंनी विचारलं, तुम्ही हे का करता? सिस्टरने त्यांना बायबलमधली येशू आणि शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. प्रश्न मात्र थांबले नाहीत. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असा वाद त्यांनी सिस्टरांशीच घातला.

त्याच वर्षी खाडीपलीकडच्या कल्याणची माहेरवाशीण, आनंदीबाई जोशी, अमेरिकेला निघाली. हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परतेन, असं तिने श्रीरामपूरच्या सभेत जाहीर केलं होतं. अमेरिकेत ती कार्पेंटर या ख्रिस्ती कुटुंबात लेकीसारखी राहिली आणि शब्दाला जागली. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात ती डॉक्टर झाली, तेव्हा रमाबाई समोर बसल्या होत्या. एकीने धर्म बदलला, दुसरीने नाही. मला दोघी सारख्याच मोठ्या वाटतात.

मीही इंग्लंडात नोकरीला असताना असाच चर्चला गेलो होतो. खांबाजवळ लाकडी पाटी, तिच्यावर त्या दिवशीच्या गीतांचे नुसते आकडे. शेजारच्या आजीबाईंनी माझ्या हातातलं पुस्तक घेऊन पान काढून दिलं. प्रभुभोजनासाठी रांग लागली तेव्हा, 'तुम्ही बसून राहिलात तरी चालतं हं,' असं त्याच हळूच म्हणाल्या. नंतर चहा. माझा धर्म होता तिथेच राहिला आणि ओळखीची चार घरं झाली.

तेव्हा कोणी बोलावलं तर जरूर जा. मागच्या बाकावर बसा, सगळे उठले की उठा आणि जे कळलं नाही ते चहाच्या वेळी विचारा. आणि त्यासाठी विमानात बसायची वाट पाहू नका. ईदला मित्राच्या घरी शिरखुर्मा खाता, गणपतीत मैत्रिणीकडे मोदक खाता. या वर्षी तिथे बसून, 'तुम्ही हे असं का करता?' एवढं त्यांच्या घरच्या मोठ्या माणसांना विचाराच.